दलदलीतली मलमपट्टी

हे ओलं शेवाळ मुठीत धरून पिळा, स्पंजासारखं पाणी गळेल. नाव स्फॅग्नम. स्कॉटलंड-आयर्लंडच्या दलदलींत ते दूरवर पसरलेलं असतं, आणि जखमेत भरायची त्याची रीत जुनी आहे. 1014 साली आयर्लंडमध्ये झालेल्या क्लॉन्टार्फच्या लढाईत जखमी सैनिकांनी जखमांमध्ये शेवाळ कोंबलं, असं सांगितलं जातं.

1914 साली महायुद्ध पेटलं. खंदकांतल्या सैनिकांच्या जखमा चिखलानं माखलेल्या, पुवानं भरलेल्या. प्रतिजैविकं अजून यायची होती. पट्ट्यांना कापूस हवा, पण तोच गणवेशांना आणि स्फोटकांनाही लागत होता. तेव्हा एडिंबरोचे शल्यविशारद चार्ल्स कॅथकार्ट आणि तिथल्या शाही वनस्पती उद्यानाचे प्रमुख आयझॅक बेली बाल्फर यांनी या शेवाळाचा आग्रह धरला.

त्याच्या पानाकडे सूक्ष्मदर्शकातून पाहा. बऱ्याचशा पेशी मेलेल्या, पोकळ, भोकं असलेल्या. सुकं शेवाळ स्वतःच्या वजनाच्या सुमारे 20 पट द्रव शोषतं. कापूस जेमतेम 5-6 पट. कापसाच्या पट्टीतून स्राव जखमेच्या वरच आरपार येतो, शेवाळात मात्र आधी आडवा पसरतो. त्यामुळे पट्टी कमी वेळा बदलावी लागे. उघड्या जखमेवरची चिकटलेली पट्टी ज्यानं सोडवून घेतली आहे, त्यालाच कळेल हा केवढा दिलासा. शिवाय हे शेवाळ भोवतालचा ओलावा आम्लधर्मी करतं, आणि तिथे अनेक जिवाणूंना वाढणं जड जातं.

पण दलदलीपासून इस्पितळापर्यंत ते पोचवलं कुणी? बायकांनी आणि मुलांनी. गार पाण्यात उभं राहून त्यांनी गोण्या भरल्या. शेवाळ वाळवलं, त्यातलं गवत, काटक्या हातानं निवडल्या, मग ते मलमलीच्या पिशव्यांत सैलसर भरलं, कारण भिजलं की फुगणार. 1918 पर्यंत ब्रिटनमधून महिन्याला सुमारे 10 लाख पट्ट्या जात होत्या. डॉक्टरांची नावं इतिहासात राहिली, वेचणाऱ्या बहुतेकींची नाहीत. माझ्या मते निम्मं श्रेय त्यांचंच आहे.

युद्धानंतर कापूस पुन्हा सहज मिळू लागला, आणि निवडण्या-टिपण्याचं हे किचकट काम मागे पडलं.

हेच शेवाळ आज ऑर्किडच्या कुंड्यांसाठी रोपवाटिकेत मिळतं. ते जखमेवर लावू नका. त्यात स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असू शकते. साध्या ओरखड्यातून ती शरीरात शिरते आणि त्वचेवर गाठी, व्रण उठवते. कुंडी भरताना हातमोजे घाला.