कुंभारणीचं घर आणि मखमली मुंगी

श्रोतेहो, नमस्कार.

मृगाचा पाऊस पडून गेला की आपल्या खान्देशात पोरं बांधावर लाल मखमली किडे शोधत हिंडतात. हा मृगाचा किडा बिचारा गरीब. तळहातावर घेतला तर पाय पोटाशी ओढून गप्प बसतो. पण गिरणेच्या, पांझरेच्या काठच्या भुसभुशीत जमिनीवर आणखी एक मखमली जीव लगबगीनं पळताना दिसतो. मुंगीसारखा बांधा, अंगावर दाट लव, तांबडा-काळा रंग, मागच्या बाजूला पांढरे ठिपके. आजी म्हणायची, "तिले हात नको लावजो रे भाऊ." का, ते तिनं सांगितलं नाही. मी हात लावला, मग कळलं. दिवस मावळेपर्यंत बोट ठणकत होतं.

पाय मोजले असते तरी फसलो नसतो. मृगाचा किडा कोळ्याच्या नात्यातला, त्याला आठ पाय. हिला सहा. आणि मुंगी म्हणतात तरी ही मुंगी नव्हेच. ही गांधीलमाशीच्या गोतातली बिनपंखांची मादी. नराला पंख असतात, पण नांगी नसते. नांगी म्हणजे मुळात अंडी घालायची नळी, ती नराकडे येणार कुठून? नर-मादी दिसायला इतके निराळे, की संशोधकांनी कित्येकदा एकाच जातीला दोन नावं देऊन टाकली. बिंगहॅम नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं 1897 साली इथल्या मधमाश्या-गांधीलमाश्यांवर जाडजूड ग्रंथ काढला, त्यात या मखमली मुंग्यांनीच पानंच्या पानं अडवली आहेत.

अमेरिकेतल्या एका जातीला तिकडचे लोक 'गाय मारणारी' म्हणतात. गाय काही मरत नाही. पण जस्टिन श्मिट या कीटकतज्ज्ञानं नाना कीटकांचे डंख स्वतः सोसून 1 ते 4 अशी दुखण्याची मोजपट्टी केली. तीत मधमाशीला 2, तर तिकडच्या एका मखमली मुंगीला 3 आकडा मिळाला. वर हिचं कवच असं टणक, की संग्रहासाठी टाचणी टोचायला जावं तर टाचणीच वाकते. पकडली की पोटाचे पट्टे एकमेकांवर घासून चिरचिरते.

एवढं चिलखत कशाला? तर हिला दुसऱ्याच्या घरात शिरायचं असतं. जमिनीत बीळ करणाऱ्या माश्यांची घरटी ती हुंगत फिरते, बंद खोली फोडते, आतल्या वाढलेल्या पिल्लाजवळ स्वतःचं अंडं ठेवते आणि खोली बुजवून चालती होते. तिची अळी त्या पिल्लावर पोसते.

ज्यांची घरं ती फोडते, त्यांतल्या बऱ्याच माश्या एकट्यानं संसार करणाऱ्या. राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही. यांतली आपल्या ओळखीची म्हणजे कुंभारीण. केळीच्या बागेत ठिबकच्या नळीपाशी ओल असते ना, तिथं मे महिन्याच्या उन्हात ही चिखलाच्या गोळ्या वळताना दिसेल. कुंभारीण आपण दोघींना म्हणतो. एक तोंडाला काठ असलेलं इवलं मडकं करते आणि त्यात अळ्या भरते. दुसरी मातीच्या नळ्या शेजारी शेजारी रचून वरून लिंपते. तिच्या कोठीत निव्वळ कोळी. शिकार मारलेली नसते, डंखानं लुळी केलेली असते. मेली तर सडेल; लुळी पडलेली ताजी राहते.

कीर्तनात भ्रमरकीट न्याय ऐकला असेल. भृंगी, म्हणजे आपली कुंभारीणच, अळीला आणून कोंडते, तिच्यापुढे गुणगुणते, आणि त्या ध्यासानं अळीचीच भृंगी होते. मला या दृष्टांतात आपल्या लोकांची नजर दिसते. आत अळी गेली, हे खरं. बाहेर भृंगी आली, हेही खरं. गुणगुणही खरी, कारण माती थापताना कुंभारीण अंग थरथरवते, त्याचा आवाज येतो. राहून गेलं ते एक अंडं. मडक्यात अळ्या भरण्याआधीच ते छताला बारीक धाग्यानं टांगलेलं असतं. अळीची भृंगी होत नाही; अळी खाऊन भृंगी होते.

जमिनीत बीळ करणारी माशी आपलं भोक बरोबर कसं शोधते, हेही कुणीतरी तपासलं. निको टिनबर्गन या डच संशोधकानं बिळाभोवती पाइनच्या फळांचं कडं मांडलं आणि माशी शिकारीला गेल्यावर ते बाजूला सरकवलं. 1932 साली त्यानं हे छापलं. माशी परतली ती कड्याच्या मधोमध, बिळापाशी नाही. म्हणजे वाट वासानं नव्हे, खुणांनी लक्षात ठेवलेली. आपल्याकडे पाइन नाही, पण बांधावर खडे तर आहेत. करून बघा, फक्त नंतर खडे जागेवर ठेवा, ती बिचारी शिकार घेऊन घिरट्या घालत बसते.

तुमच्या मीटरच्या पेटीवर, देवाच्या फोटोमागं कुंभारणीचं घर असेलच. लगेच झाडू उचलू नका, ती पोळ्यावरच्या गांधीलमाश्यांसारखी अंगावर धावून येत नाही. आधी बघा, मातीला गोल भोक आहे का. असेल तर आतलं कोणीतरी उडून गेलं. नसेल तर आत अजून कोणीतरी आहे, आणि ते कुंभारणीचंच पोर असेल असं नाही. कोकिळेसारखी परक्या घरात अंडं घालणारी, निळ्या-हिरव्या झळाळीची एक माशीही अशा घरांवर टपलेली असते.