आकडी आणि काठी

(दृश्य: पहाटेचा माळ. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. माणसाचा आवाज नाही.)

सोलापूरचं ऊन अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. सोलापूरची थंडी मात्र सोलापूरकरांनाही फारशी माहीत नाही, कारण ती शहरात उतरतच नाही. ती इथे असते, बार्शी रोडला नान्नजच्या पुढे, डिसेंबरात पहाटे पाचला.

ब्लँकेटं चौदा आणली होती. माणसं सोळा.

ही सोळा माणसं म्हणजे शहरातल्या एका ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ आणि त्यांचे पाळकसाहेब. नाताळ उरकलाय, 31 तारखेची रात्रीची उपासना अजून यायची आहे. मधले तीन दिवस माळावर काढायचे, असं ठरलं. कुणी नर्सिंग शिकतंय, कुणी इंजिनिअरिंग, एकजण यंत्रमागावर रात्रपाळी करतो आणि तीन दिवसांचा खाडा करून आलाय.

अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत 1813 साली सुरू झालं आणि त्याच शतकात पुढे सोलापुरात पोहोचलं. ह्यातल्या काहींच्या घरात पाच पिढ्या चर्च आहे. पण 'मिशन' हा शब्द आज उच्चारला की समोरच्याच्या भुवया वर जातात, हे ह्या पोरांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून निघतानाच पाळकसाहेबांनी नियम घातला: पत्रकं नाहीत, भाषणं नाहीत, आपण पाहुणे आहोत. पाहुण्यानं आधी पाणी भरायचं.

(दृश्य: तंबूचा खिळा. हातोडा. खिळा वाकतो.)

इथे वीतभर मातीखाली मुरूम आहे. भाड्यानं आणलेल्या तंबूचे खिळे पहिल्या दहा मिनिटांत वाकले. "काय बे, यूट्यूबवर तर लगेच जात होते!" शेवटी दोऱ्या दगडांना बांधल्या.

लांबून एक म्हातारबाबा हे सगळं बघत होते. त्यांना आपण आबाच म्हणू, पोरंही तेच म्हणतात. आबांचा वाडा ह्याच पडीक रानात उतरलाय. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. घोड्यावर लादून आणलेलं बिऱ्हाड, तीन दगडांची चूल, दोन कुत्री आणि मेंढरं. शेजारी माळढोक अभयारण्याची हद्द. 1979 साली माळढोकासाठी हे अभयारण्य झालं. तो पक्षी आता दिसला तर नशीब. काळवीट मात्र दिसतात. आणि लांडगा आहे, गोष्टीतला नव्हे, खरा.

ह्या पोरांना बायबलमधलं तेविसावं स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे, शब्बाथ शाळेपासून, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेपासून, पाठ आहे. झोपेतून उठवलं तरी म्हणतील. मीही म्हणेन, मी त्याच बाकांवर वाढलो. त्यात चौथ्या वचनात येतं: तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात. काठी कळायची. आकडी म्हणजे लहानपणी मला फक्त एकच माहीत होती, शेजारच्या मुलाला यायची ती. लोक कांदा घेऊन धावायचे. देवाच्या आकडीनं कुणाला धीर कसा येईल, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. नर्सिंगवाली मुलगी हसून म्हणते, "मला तर अजूनही तेच वाटत होतं."

(दृश्य: जवळून. बांबूचं टोक, त्याला वाकडं पातं.)

ही आकडी. हातभर नाही, दोन पुरुष उंच बांबू, आणि टोकाला विळ्यासारखं पातं. आबा ती बाभळीच्या फांदीला अडकवतात आणि एक हिसका. शेंगा खाली. आवाज ऐकून पन्नास पावलांवरची मेंढरं माना वर करतात आणि धावत सुटतात. मोठी फांदी आबा तोडत नाहीत. "झाड मारलं तर पुढच्या साली काय खातील?" इंजिनिअरिंगवाल्यानं आकडी हातात घेतली. तिसऱ्या हिसक्याला त्याचे खांदे भरून आले आणि शेंगा पडल्या चार.

मूळ हिब्रू स्तोत्रात दोन वेगळे शब्द आहेत. पहिला दंडुका, श्वापदाला हाणायचा. दुसरा टेकायचा सोटा. मराठीत येताना पहिल्याची आकडी झाली, आणि यहूदियाच्या डोंगरातल्या गाण्याला बाभळीच्या शेंगांचा वास लागला.

दुपार कामात गेली. बोअरवरून पाण्याचे कॅन आणले, माळावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या वेचल्या. मेंढरू ती पिशवी गिळतं आणि फुगून मरतं. सात पोती भरली. भाकरी थापायला बसलेल्या मुलींबद्दल न बोललेलं बरं. आबांच्या सुनेनं त्यांच्या भाकरी कुत्र्यांना घातल्या, तेही प्रेमानं.

संध्याकाळी कुणीतरी आबांना बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा, सांगितला. शंभर मेंढरं, एक हरवलं, मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो. "आबा, तुम्ही गेला असता का?"

आबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "जाणार की. पर मागं माणूस ठिवून. नव्याण्णव उघड्यावर टाकून कोन जातंय? लांडगा धा नेईल."

पोरं हसली, मग गप्प झाली. मी ह्या दाखल्यावर किती उपदेश ऐकले असतील, मोजदाद नाही. पण ह्यात काहीतरी विचित्र आहे, व्यवहारात न बसणारं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. येशूसमोर बसलेल्यांत मेंढरं राखणारे असतील तर त्यांनीही आबांसारखंच तोंड केलं असेल. रात्री शेकोटीपाशी ह्यावर दोन तास वाद झाला. देवाचं प्रेम हिशोबात बसत नाही म्हणून दाखला तसा आहे, असं एकीचं म्हणणं. दुसरा म्हणाला, मग त्या नव्याण्णवांनी काय करायचं?

(दृश्य: रात्र. जाळ्याचं कुंपण. पलीकडे डोळे चमकतात.)

ह्या जाळ्याला वाघर म्हणतात. मेंढरं आत, कोकरं वेगळी. वाघरीला एका बाजूला फट आहे आणि त्या फटीत घोंगडं पांघरून एकजण झोपलाय. तो आबांचा मुलगा नाही. सालगडी आहे, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला, वय फार तर एकोणीस.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, मेंढरांचं दार मी आहे. आणि पुढे मोलकऱ्याबद्दल: लांडगा येताना दिसला की तो पळून जातो, कारण मेंढरं त्याची नसतात. शेकोटीपाशी हे वाचून झालं, तेव्हा यंत्रमागवाला पहिल्यांदा बोलला. "मीपण मोलकरीच की. मी काय माग सोडून पळत नाही."

पाळकसाहेबांनी लगेच उत्तर दिलं नाही. मला ते आवडलं.

रात्री दोनच्या सुमाराला कुत्री भुंकली. तंबूतून बॅटऱ्या बाहेर येईपर्यंत सालगडी काठी घेऊन ओढ्यापर्यंत गेलासुद्धा होता. काय होतं, दिसलं नाही. तो परत आला, फटीत आडवा झाला. यंत्रमागवाला आपलं ब्लँकेट घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसला. उजाडेपर्यंत दोघं तिथेच होते. काय बोलले, आम्ही रेकॉर्ड केलं नाही.

(दृश्य: शेवटची संध्याकाळ. डफ, झांजा.)

आबांनी बिरोबाची ओवी म्हटली. मग पोरांनी नारायण वामन टिळकांचं भजन धरलं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कोकणातला कवी अभंगाची चाल सोडून कुठे गेला नाही. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं तो म्हणायचा. दुसऱ्या कडव्याला आबांनी झांज उचलली. "चाल तर आपलीच हाय की."

सकाळी वाघर गुंडाळली गेली, घोडा लादला गेला. आबांनी नर्सिंगवाल्या मुलीला हाक मारली. पुढच्या साली आलात तर काय आणायचं, ते तिनं तळहातावर पेनानं लिहून घेतलं: बॅटरीचे सेल, खुरावर लावायचं औषध, आणि सालगड्याला एक जाड स्वेटर.