सस्कॅचवानची वसंतातली पेरणी: टक्के आणि ओल

श्रोतेहो, नमस्कार.

रगड्यासाठी आपण जो पिवळा वाटाणा भिजत घालतो आणि रोजच्या वरणाला जी लाल मसूर वापरतो, त्यातला मोठा भाग कॅनडातून येतो. कॅनडाची बहुतेक मसूर एकाच प्रांतात पिकते. त्याचं नाव सस्कॅचवान. पश्चिमेला आल्बर्टा, पूर्वेला मॅनिटोबा आणि मध्ये हा, असा तीन प्रांतांचा विस्तीर्ण सपाट गवताळ मुलूख आहे. तिथे पेरणी एप्रिलच्या शेवटाला सुरू होते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकावी लागते, कारण सप्टेंबरात पुन्हा पाला जाळणारी थंडी पडते.

पेरणी कुठवर आली हे सांगणारा पीक-अहवाल प्रांताचं कृषी खातं हंगामात दर गुरुवारी काढतं. गावोगावचे स्वयंसेवक शेतकरी माहिती कळवतात, त्यावरून तो तयार होतो. बातम्यांत येतो तो पहिला आकडा: इतके टक्के पेरणी झाली, मागच्या 5 वर्षांची सरासरी इतकी. पण अहवाल हाती आला की आधी त्याखालची ओलीची ओळ बघावी. वरच्या थरातली ओल किती क्षेत्रात जास्त, पुरेशी, कमी किंवा फारच कमी आहे, हे तिथे दिलेलं असतं. पेरणी सरासरीच्या पुढे गेली म्हणजे सगळं उत्तम, असं मुळीच नाही. वसंत कोरडा असला की पेरणीयंत्र कुठे अडतच नाही, म्हणून टक्के भराभर चढतात. उलट पेरणी आठवडाभर मागे पडली ती पावसामुळे, असं असेल, तर दक्षिणेकडचा शेतकरी त्यावर खूशच असतो.

कारण पाऊसच तोकडा. प्रांताची राजधानी रेजायना, तिथलं वर्षाचं पाऊसमान, बर्फाचं पाणी धरून, 400 मिलिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे आपल्या सोलापूरपेक्षाही कमी. म्हणून तिकडे बहुतेक ठिकाणी नांगरट बंद झाली आहे. मागच्या पिकाची धसकटं उभी ठेवायची, त्यात हिवाळ्याचा बर्फ अडतो, वितळून तिथेच मुरतो, आणि वसंतात त्या धसकटांतच थेट पेरायचं. मुरलेली ओल किती खोल आहे हे बघायला टोकाला गोळी बसवलेली लोखंडी सळई मातीत दाबतात. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडा थर लागला की अडते. रानात दहा-पंधरा ठिकाणी सळई टोचली की यंदा खत किती घालायचं याचा अंदाज येतो.

कोणतं पीक कधी पेरायचं हे कॅलेंडरपेक्षा मातीचं तापमान ठरवतं. थर्मामीटर बियाण्याच्या खोलीवर खुपसायचा, सकाळी आणि संध्याकाळी आठच्या सुमारास नोंद घ्यायची, दोन्हींची सरासरी काढायची. ती 5 अंशांच्या पुढे टिकली की वाटाणा, मसूर आणि गहू आत जाऊ शकतात. काबुली हरभऱ्याला 10 अंश लागतात. थंड मातीत तो उगवण्याऐवजी कुजतो. तेलबियांतला कॅनोला 5 अंशांना उगवतो खरा, पण इतका रेंगाळतो की किड्यांच्या तोंडी सापडतो. म्हणून तो सहसा मेच्या मध्याला पेरतात.

यंत्राचा आवाका आपल्या पाभरीपेक्षा फार मोठा आहे. 60 फूट रुंदीची चौकट, दर 10 किंवा 12 इंचांवर एक फण, प्रत्येक फणामागे एक दाबचाक, आणि सोबत बियाण्याच्या व खताच्या टाक्यांचा गाडा. पंख्याची हवा नळ्यांतून दाणा फणापर्यंत नेते. ताशी 7 किलोमीटरच्या वेगाने, वळणं आणि टाक्या भरण्याचा वेळ धरून, तासाला 25 एकरांच्या आसपास उरकतात. एवढ्या वेगात चूक झाली तर तीही 25 एकरांवर पसरते. पंखा जास्त जोरात असला की मसूर आणि वाटाण्याचे दाणे नळीतच फुटतात. कमी असला की नळ्या तुंबतात आणि रानात मोकळे पट्टे राहतात.

बियाण्याचा हिशेब सोपा आहे. दर चौरस मीटरला जितकी रोपं हवीत, त्याला हजार दाण्यांच्या ग्रॅममधल्या वजनाने गुणायचं आणि शंभरातले किती दाणे रोप म्हणून टिकतील त्या टक्क्यांनी भागायचं; उत्तर हेक्टरी किलोत येतं. गव्हाची 300 रोपं हवीत, हजार दाण्यांचं वजन 36 ग्रॅम, टिकाव 85 टक्के, तर हेक्टरी 127 किलो, म्हणजे एकरी सुमारे 51. दरवर्षी हजार दाणे मोजून तोलायचे. गेल्या वर्षीचंच वजन धरून पेरणाऱ्याचं रान विरळ तरी होतं, नाहीतर बियाणं वाया जातं.

खरी गंमत पेरणीच्या खोलीत आहे. गहू 1 ते दीड इंच, वाटाणा दीड ते 3, कॅनोला अर्धा ते 1 इंच. वरची माती कोरडी असली की ओल गाठायला फण खाली सोडण्याचा मोह होतो. वाटाण्याचा दाणा टपोरा, त्याला ते झेपतं. कॅनोलाचा दाणा जेमतेम 4-5 मिलिग्रॅमचा. दोन इंचांवरून वर येताना त्याची पुंजी वाटेतच संपते. म्हणून यंत्र थांबवून मागची ओळ सुरीने हळूच उकरतात आणि दाणा पट्टीने मोजतात. हे मधल्या फणांमागेही करायचं आणि चौकटीच्या दोन्ही टोकांनाही, कारण ट्रॅक्टरच्या चाकाने दाबलेल्या पट्ट्यात फण उथळ चालतो. युरिया बियाण्याला चिकटून पडला तर कोंब जळतो, म्हणून हे नत्राचं खत बाजूच्या वेगळ्या ओळीत सोडतात.

मसूर आणि वाटाण्याला दोन गोष्टी जास्तीच्या. एक, बियाण्याला रायझोबियम, म्हणजे हवेतलं नत्र मुळांना मिळवून देणाऱ्या जिवाणूंची बीजप्रक्रिया. दुसरी, पेरल्यावर रानावर जड रूळ फिरवणं. मसूर जमिनीला टेकून कापावी लागते, त्यामुळे वर आलेले दगड आधीच खाली दाबले नाहीत तर कापणीयंत्राची पाती मोडतात. रूळ ओल्या मातीवर फिरवत नाहीत, पपडी धरते. तसंच हलक्या जमिनीवर रूळ फिरवून पाठोपाठ वारा सुटला की माती उडून शेजाऱ्याच्या कुंपणाला लागते. आणि ज्या रानात ॲफॅनोमायसिस ही मूळकुज येऊन गेली, तिथे 6 ते 8 वर्षं मसूर-वाटाण्याचं नाव काढायचं नाही. बेवड, म्हणजे रानातल्या पिकांचा क्रम, बदलायचाच.

याशिवाय बाजार आहे. नोव्हेंबर 2017मध्ये भारताने वाटाण्यावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, डिसेंबर 2023मध्ये पिवळ्या वाटाण्यावरचं काही काळासाठी उठवलं. दिल्लीचे असे निर्णय येतात तेव्हा तिकडचं पीक बहुधा कोठारात असतं, आणि त्याचा परिणाम पुढच्या मे महिन्यातल्या पेऱ्यावर दिसतो.

मेच्या अखेरीस एखादी रात्र शून्याखाली जातेच. सकाळी सगळं रान काळवंडलेलं दिसलं तरी लगेच नांगर घालू नये, तीन-चार दिवस थांबावं. गव्हाचा वाढीचा शेंडा अजून मातीखाली असतो, आणि वाटाणा-मसूर जमिनीखालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटतात. कॅनोलाचं तसं नाही. त्याचा शेंडा दोन दलपत्रांच्या, म्हणजे उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या मधोमध, जमिनीच्या वर. तिथे मधोमध हिरवा ठिपका दिसला तर रोप जगलं, खोड दोऱ्यासारखं बारीक पडलं तर गेलं. मग ठरावीक मापाची चौकट रानात टाकून तिच्यातली रोपं मोजायची. चौरस फुटाला 2 धड रोपं सगळीकडे सारखी असतील तर पीक सहसा मोडत नाहीत, कारण जूनमध्ये पुन्हा पेरलेला कॅनोला सप्टेंबरच्या थंडीत हिरवाच सापडण्याचा धोका त्याहून मोठा असतो.

नमस्कार.