धान्यात गोळी टाकण्याआधी

(एका महिला मंडळाच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या निमित्ताने रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिकेने दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मैत्रिणींनो. मागे भिंतीला टेकून उभे असलेल्या यजमानांनाही नमस्कार. तुम्ही पन्ह्यासाठी आला असलात तरी आता व्याख्यान ऐकूनच पन्हं मिळेल, असं अध्यक्षबाईंनी मला सांगितलंय.

बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय ‘मुंग्या, झुरळं, डास आणि डाग : घरच्या घरी उपाय’. चौघांवरही बोलणार आहे. पण चैत्र सुरू आहे, तुमच्यापैकी निम्म्याजणींच्या घरी वर्षाचा गहू येऊन पडला असेल, तेव्हा सुरुवात कोठीपासून करते.

ही बाटली पुढच्या रांगेपासून फिरवा. झाकण उघडू नका. मागच्या महिन्यात यात दोन मुठी चवळी भरून ठेवली होती. दाणे उजेडात धरून बघा. काहींवर पांढरे ठिपके दिसतील, खसखशीपेक्षाही बारीक, डकवल्यासारखे. ती भुंग्याची अंडी. आणि काही दाण्यांना अगदी गोल भोकं आहेत, गिरमिटाने पाडल्यासारखी. अंड्यातून निघालेली अळी थेट दाण्यात शिरते, आत बसून खाते, तिथेच कोष करते आणि भुंगा होऊन त्या भोकातून बाहेर पडते. उन्हाळ्यात हा सगळा खेळ तीन-चार आठवड्यांत उरकतो. बाहेर आलेला भुंगा स्वतः काही खात नाही; अंडी घालतो आणि मरतो. आपल्याला भुंगे दिसतात तेव्हा नासाडी होऊन गेलेली असते.

आता माझा मुद्दा. आपल्या सासवा-आज्यांनी जे उपाय केले त्यांच्यामागे कारण होतं, आणि ते कारण कळलं तरच उपाय लागू पडतो. हल्ली फोनवर रोज एक उपाय येतो, पण कारण येत नाही.

माझ्या सासूबाई चैत्र-वैशाखात कडधान्याला एरंडेल लावायच्या. किलोला चहाचा एक चमचा, दोन्ही तळव्यांना चोळून मग दाण्यांना. हात असा फिरवायच्या की प्रत्येक दाणा चकचकीत व्हायचा, पण तेलकट डबकं कुठेही नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं ही नुसती रीत आहे. पुढे कळलं, अंडं दाण्याच्या पाठीवर चिकटलेलं असतं. तेलाचा थर बसला की त्याला हवा मिळत नाही, अंडं गुदमरतं. कुळीथ-मटकीत राख का मिसळायची? राखेचे कण किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडतात, त्याच्या अंगातलं पाणी उडून जातं, शिवाय दाण्यांमधल्या फटी भरल्या की त्याला हिंडता येत नाही. आणि तुरीची डाळ करून ठेवली की भुंग्याची बरीच पंचाईत होते, कारण त्याला अंडं घालायला अख्ख्या दाण्याची गुळगुळीत पाठ आवडते.

गव्हाचं मात्र वेगळं. गहू-तांदळातला सोंड्या दाण्याला भोक पाडतो, आत अंडं घालतो आणि वरून बूच लावून टाकतो. तिथे तेल पोचत नाही. म्हणून गव्हाला ऊन. ऊन म्हणजे दोन तास गच्चीवर ढीग टाकणं नव्हे. काळ्या कापडावर पातळ पसरायचा, मधूनमधून हात फिरवायचा, सलग तीन-चार दिवस. धान्य पन्नास अंशांच्या वर तापलं की आतली अळीसुद्धा टिकत नाही. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. आणि कृपा करून उन्हातला गरम गहू तसाच कोठीत भरू नका. संध्याकाळी निवू द्या. गरम भरला की कोठीला आतून घाम सुटतो, आणि ओल मिळाली की सोंडे सुखाने नांदतात. कडुनिंबाचा पालाही सावलीत वाळवूनच घालायचा. ओला घातलात तर स्वतःच्या हाताने ओल घातलीत.

हे सगळं मी इतक्या तळमळीने का सांगते, ते आता सांगते. अध्यक्षबाई घड्याळ दाखवताहेत, पण हे सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

माझी धाकटी चार वर्षांची होती. दोन खोल्यांचं घर, आणि गव्हाची पत्र्याची कोठी पलंगाच्या उशाशी, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. त्या वर्षी सासूबाई आजारपणामुळे गावी होत्या. मी शाळेच्या परीक्षांच्या गडबडीत. वाळवण राहूनच गेलं. वाणसामान आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, “बाई, उन्हात कशाला बसता? ह्या गोळ्या टाका, वर्षभर बघायला नको.” वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली पुडी. त्यावर नाव नाही, काही नाही. मी ती सुटी गोळी फडक्यात बांधून गव्हात खोचली आणि झाकण लावलं.

रात्री दोनच्या सुमाराला मुलगी रडत उठली. डोकं दुखतंय म्हणाली आणि भडाभडा ओकली. खोलीत लसणाचा वास येत होता. त्या रात्री आमच्याकडे पिठलं नव्हतं, लसणाची फोडणी नव्हती. वास येतोय कुठून म्हणून मी कोठीजवळ वाकले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलीशी संयोग झाला की फॉस्फीन वायू निघतो, त्याला लसणासारखा, सडक्या मासळीसारखा वास येतो. हे समीकरण मी स्वतः फळ्यावर लिहीत होते! मुलीला उचलून अंगणात आणलं, यजमानांनी दारं-खिडक्या सताड उघडल्या, रिक्षा करून दवाखाना गाठला. दोन दिवस तिथे काढले. मुलगी बरी झाली. डॉक्टर म्हणाले, “या विषावर उतारा नाही. मात्रा थोडी होती, म्हणून वाचलात.”

(सभागृहात शांतता.)

त्या दुकानदारावर माझा राग अजून गेलेला नाही. ही गोळी गोदामात, ताडपत्रीखाली, शिकलेल्या माणसांनी वापरायची वस्तू आहे. घरी वापरायला ती सुटी विकणं नियमात बसत नाही. तरी ती पुडीतून मिळते, आजही मिळते. मिळाली तर घेऊ नका, आणि शेजारणीने घेतली असेल तर तिच्या दारात जाऊन सांगा. वाईट वाटलं तरी चालेल. पारद टिकड्यांचंही तेच: पारा स्वयंपाकघरात कशाला हवा? आणि बोरिक पावडर तांदळात किंवा तुरीच्या डाळीत घालणाऱ्या मैत्रिणींनो, ती झुरळांसाठी ठेवा. धुतलं की जाते म्हणता, पण लहान मुलांच्या वरणभातात मी ती जोखीम घेणार नाही. रवा-मैद्यात जाळी होते म्हणून काळजी वाटत असेल, तर पाकीट आणल्या आणल्या आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. अंडी थंडीने मरतात. नंतर बाहेर काढून पाकीट खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर रव्याला पाणी सुटेल.

चिठ्ठी आली आहे, पंधरा मिनिटं. ठीक आहे, भराभर सांगते.

झुरळं. बोरिक पावडर, गव्हाचं पीठ आणि साखर, थोड्या दुधात मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या. सिंकखाली, गॅसच्या मागे, फ्रीजच्या मोटारीजवळ. मुलांच्या आणि मांजराच्या हाताला लागणार नाही तिथेच. झुरळ ते खातं, पायांना लागलेलं चाटतं आणि हळूहळू मरतं. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही म्हणून उपाय सोडू नका. लहान तपकिरी झुरळाची मादी एका कोषात तीस-चाळीस अंडी घेऊन फिरते, म्हणून तीन-चार आठवड्यांनी गोळ्या बदलायच्या. रात्री सिंकमध्ये पाणी ठेवायचं नाही. झुरळ उपाशी बरेच दिवस राहतं, तहानलेलं राहू शकत नाही. कपाटात आणि मोरीत डांबरगोळ्या टाकून झुरळं जात नाहीत. बाळाच्या दुपट्यांत तर त्या कधीच ठेवू नका. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ होते.

मुंग्या. हळदीची रेघ मारून मुंगी थांबते, पण रांग दुसरीकडून येते. पुढची मुंगी वासाची वाट आखत जाते आणि बाकीच्या त्यावरून चालतात. ती वाट साबणाच्या पाण्याने पुसा, मग भिंतीची फट बुजवा. दाणे सांडले असतील तर आधी ते उचला.

डास. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि आपल्याच घरात वाढतो: कूलर, कुंडीखालची बशी, फ्रीजमागची थाळी. अंडं ते डास, आठ-दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. पण नुसतं पाणी ओतून टाकलं तर चालणार नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी असली तरी महिनोन्महिने जगतात. काथ्याने कड घासायची.

डाग. एकच लक्षात ठेवा: नळावर जमणारा पांढरा थर क्षारांचा असतो, तो आंबटाने जातो. लिंबू, व्हिनेगर, चिंच. तांब्या-पितळेला चिंच-मीठ. पण तेच लिंबू कडप्प्याच्या ओट्यावर किंवा शहाबादी फरशीवर सांडू देऊ नका. हे दगड चुनखडीचे आहेत. आंबटाने दगडच विरघळतो आणि जो फिकट डाग पडतो तो कधी निघत नाही. तेलकट थराला सोडा. आणि सोडा-व्हिनेगर एकत्र करून फेस बघत बसू नका; दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, हाती खारट पाणी राहतं.

शेवटचं, अगदी शेवटचं. संडास धुताना ॲसिड आणि ब्लीच एकाच वेळी वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. 1915 सालच्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता, तोच. आपल्या मोरीची खिडकी वीतभर असते. एक वापरलं की भरपूर पाणी, आणि दुसरं त्या दिवशी नाहीच.

चवळीची बाटली तिसऱ्या रांगेत थांबलेली दिसते. मागच्या भावांपर्यंत जाऊ द्या. कोठीचं झाकण तेही उघडतात.