वरचा उजवा कोपरा

[दृश्य : फ्लो सायटोमीटर. पातळ धार, लेझरचा निळा किरण.]

या धारेतून साहाय्यक टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी, एकेक करून लेझरसमोरून जातायत. किरण पडला, की केंद्रकात शिरलेल्या रंगीत प्रतिपिंडांची चमक मोजली जाते आणि पडद्यावर ठिपका उमटतो.

[दृश्य : पडदा, अगदी जवळून.]

आडव्या अक्षावर आरओआर-गॅमा-टी, उभ्या अक्षावर फॉक्सपी३. दोन्ही ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं. पहिल्यामुळे पेशी टीएच१७ या प्रकारची होते आणि आयएल-१७ हे निरोप्या प्रथिन सोडून दाह भडकवते. दुसऱ्यामुळे ती नियामक होते, दाह आवरते. पाठ्यपुस्तकं यांना ‘मास्टर रेग्युलेटर’ म्हणून मोकळी होतात. एका पेशीला एक मालक, हिशेब संपला.

आता वरचा उजवा कोपरा बघा. ठिपके तिथेही आहेत. या पेशींत दोन्ही मालक एकदमच हजर आहेत.

[दृश्य : ९६ छोट्या खळग्यांची (‘वेल’) प्लेट. पिपेटच्या टोकाला थेंब.]

नवख्या, अजून प्रकार न ठरलेल्या टी पेशीला टीजीएफ-बीटा हे निरोप्या प्रथिन मिळालं, की ती दोन्ही फॅक्टर बनवू लागते. नुसतं टीजीएफ-बीटाच असेल, तर फॉक्सपी३ वरचढ ठरतं. ते थेट आरओआर-गॅमा-टीला चिकटतं आणि आयएल-१७ चं जनुक चालू करण्याचं त्याचं काम रोखतं. हे २००८ मध्ये दाखवलं गेलं.

आता पडतोय तो थेंब आयएल-६ चा, आणखी एका निरोप्या प्रथिनाचा. त्याचा निरोप केंद्रकात पोचवतं स्टॅट३. फॉक्सपी३ मागे हटतं, आरओआर-गॅमा-टी मोकळं होतं. पण इथेही सरळ मामला नाही. आयएल-२ चा निरोप आणणारं स्टॅट५ आयएल-१७ च्या जनुकाजवळ नेमक्या त्याच जागा धरतं, जिथे स्टॅट३ ला बसायचं असतं. ज्याची संख्या जास्त, त्याची सरशी.

[दृश्य : फिक्सेटिव्ह घातलं जातंय. प्लेटवर वेळा लिहिलेल्या.]

केंद्रकातली प्रथिनं रंगवायची, तर पेशी आधी फिक्स करावी, म्हणजे रसायनानं आहे तशी गोठवावी लागते, तिच्या पटलाला भोकं पाडावी लागतात. अर्थात ती मरते. तीच पेशी पुढे कुठे गेली, हे या पद्धतीनं कळत नाही. म्हणून एकेक वेल वेगवेगळ्या वेळी थांबवायची आणि आलेख ओळीनं लावायचे.

[दृश्य : आलेख एकापाठोपाठ. ठिपके उजवीकडे, खाली सरकतात.]

टीएच१ आणि टीएच२ या साहाय्यक पेशींच्या दुसऱ्या दोन प्रकारांमध्येही अशीच झटापट चालते : टीएच१ चा फॅक्टर टी-बेट टीएच२ च्या गाटा३ ला धरून डीएनएपासून लांब ठेवतो. स्टॅट३ च्या जनुकात दोष असला, तर टीएच१७ पेशी नीट घडत नाहीत, बुरशीचे संसर्ग पाठ सोडत नाहीत. फॉक्सपी३ बिघडलं, तर तान्ह्या मुलांमध्ये शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतं.

[दृश्य : उंदराच्या मोठ्या आतड्यातल्या पेशींचा आलेख.]

प्लेटमध्ये कोपरा रिकामा होत गेला. आतड्यात तसं होत नाही. तिथल्या बऱ्याच नियामक पेशी दोन्ही फॅक्टर बाळगून असतात आणि तरीही दाह आवरण्याचंच काम करतात. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत त्या फार कमी आढळतात. आतड्यातले जीवाणू परत सोडले, की वाढतात.