रुमालाखालचा भाव

श्रोतेहो, नमस्कार. ज्वारी पोटरीला आली, पहाटे तोंडातून वाफ निघायला लागली की सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात घरोघरी एकच विषय निघतो. पुसेगावच्या यात्रेला कधी जायचं? सेवागिरी महाराजांचा रथ निघतो मार्गशीर्ष वद्य दशमीला. इंग्रजी तारीख दर वर्षी हलते. कधी डिसेंबरच्या मध्यावर येते, कधी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. म्हणून कॅलेंडरात तिथी बघा. तारीख नव्हे, तिथी.

रथ नोटांच्या माळांनी झाकलेला असतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. नोटांच्या माळा करू नका, नोटांना पिना टोचू नका, असं रिझर्व्ह बँक सांगत आली आहे. भक्तांपर्यंत ते अजून पोचलेलं दिसत नाही. माझं विचाराल तर नोट रथाला देण्याआधी तिची एवढी इस्त्री करणारी माणसं भाजीवाल्याला मात्र चिंधी झालेली नोट का देतात, हेच कोडं आहे. असो. रथ थांबत थांबत चालतो आणि त्याच्यापुढे लोटालोटी असते. लहान मुलं बरोबर असतील तर रथाच्या मागे धावू नका. रस्त्याच्या कडेला, पाठीशी भिंत किंवा ओटा असेल अशी जागा धरा आणि रथ तुमच्यापर्यंत येऊ द्या.

मुलाच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. नंबर दोन लिहा, कारण गर्दीत एक फोन हमखास लागत नाही. चुकलो तर कुठे भेटायचं, ते एसटीतून उतरतानाच ठरवा. "पाळण्यापाशी" म्हणू नका, यात्रेत पाळणे बरेच असतात. "देवळाच्या दारात" तर नकोच, तिथे उभं राहायलाच मिळत नाही. अंधारातही ओळखू येईल अशी पक्की इमारत धरा. आणि स्वेटर. दुपारी उन्हाचा चटका बसतो म्हणून स्वेटर घरी राहतात आणि दिवस मावळला की येरळेकडून वारा सुटतो. सहा वाजता अंधारायला लागतं. टोपरी, स्वेटर पिशवीत हवेतच.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो. बैलबाजार! घरातल्या पोरांना पाळण्यात एकदाच बसवा, पण बैलबाजार तासभर दाखवा. दावणीला खिलार उभे असतात. पांढरे, उंच, मागे वळलेली टोकदार शिंगं. खिलार चपळ आणि बुजरा असतो. त्याच्या मागून जायचं नाही, तो लाथ झाडतो. पुढून शिंगांच्या टप्प्यात जायचं नाही, तो माशी हाकलायला मान फिरवतो तेवढ्यानेही लागतं. मालकाला विचारून खांद्याच्या बाजूने जायचं. परत सांगतो, मागून नाही, पुढून नाही, खांद्याच्या बाजूने.

मालक जबडा उघडून दाखवेल. बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. वर नुसती कडक हिरडी. दुधाचे दात आहेत तोवर तो आदत. सव्वादोन-अडीच वर्षांच्या आसपास मधले दोन पडून रुंद दात येतात, तो दोन दाती. मग चार, मग सहा, आणि चार-साडेचार वर्षांचा झाला की आठही येऊन जुळतो. शिंगं तासून, तेल लावून वय लपवता येतं. दातांत ते जमत नाही.

आणि सौदा! दोघं समोरासमोर उभे राहतात, हातावर रुमाल किंवा उपरणं टाकतात आणि खाली बोटं धरतात. एकक तोंडाने, आकडा बोटाने. "हजार" म्हणायचं आणि तीन बोटं दाबायची, झाले तीन हजार. पंजा धरला की पाच. सहा म्हणजे आधी पंजा, मग एक बोट. बाजूच्या गिऱ्हाइकाला भाव कळत नाही, म्हणून ही सोय.

बाजारात यावर एक किस्सा रंगवून सांगतात. जोडी चार-पाच हजारांना मिळायची तेव्हाचा. विकणाऱ्याची उजव्या हाताची करंगळी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेली. घेणाऱ्याला ते माहीत नाही. त्याने रुमालाखाली हात धरला, चाचपला, "हजार" म्हणाला. समोरच्याने मान हलवली. विसार दिला, भंडारा उधळला, दलालाने टाळी दिली. पैसे मोजायची वेळ आली तेव्हा घेणाऱ्याने चारच मोजले.

"पाच ठरले की!"

"कुठले पाच? हाताला चार लागली, चार दिले."

झाली बोंबाबोंब. दोन गावची माणसं गोळा झाली, दलाल हळूच चहाला सटकला. शेवटी दावणीवरच्या एका म्हाताऱ्याला मध्ये घातलं. त्याने घेणाऱ्याला एवढंच विचारलं, "अंगठा धरला होतास का?"

"धरला होता."

"मग पाच. चाराला अंगठा कधी धरत नाहीत. अंगठा आला की पंजा आला, मग करंगळी असो नसो."

बाजाराचा नियमच तो, घेणाऱ्याला बोलता येईना. त्याने मुकाट्याने हजार काढले. तेव्हा विकणाऱ्याने त्यातले शंभर परत त्याच्या हातावर ठेवले. म्हणाला, "हे करंगळीचे. जी नाही तिचे पैसे कसे घेऊ?"

आता जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला लागतो, त्याशिवाय खरेदी-विक्री करता येत नाही. 2022 साली लम्पी या जनावरांच्या त्वचेच्या साथीमुळे राज्यातले बाजार बंद ठेवले होते, तेव्हापासून लसीची चौकशीही वाढली आहे. बिल्ला जरूर बघा, पण पोरांना रुमालही दाखवा.

गोडी शेव शेवटी घ्या. हाताने मोडून बघा, कटकन तुटली तर ताजी. पिपाणी मात्र परतीच्या गाडीत बसायच्या आधी पिशवीच्या तळाशी जाऊ द्या. आणि गाडीचं सांगायचं राहिलं. रथाच्या दिवशी वाहतूक वळवतात, त्यामुळे सकाळी उतरलात तिथेच रात्री एसटी मिळेल असं धरू नका. उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा, परतीची गाडी कुठून आणि शेवटची किती वाजता.