घरच्या घरी पोर्क आसाद

श्रोतेहो, नमस्कार. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला किंवा लग्नकार्याला आसाद होतं, म्हणजे मसाल्यात मुरवून अख्खं भाजलेलं आणि मग पातळ काप केलेलं मांस. आज पोर्कचं आसाद कसं करायचं ते पाहू. ओव्हन लागत नाही. जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं पातेलं मात्र लागतं.

आधी मांस. खाटकाकडे खांद्याचा एक किलोचा अख्खा तुकडा मागा, हाड आणि कातडी काढलेला. कातडी झाकणाखाली कुरकुरीत होत नाही, चिकट होते. वरची चरबी अर्धा सेंटिमीटर राहू द्या. निव्वळ लाल, बिनचरबीचा तुकडा घेतलात तर तो दोन तासांत कोरडा पडणार, मग रस्सा कितीही चांगला असो.

आता मसाला. एका किलोला पंधरा ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे साधारण तीन सपाट छोटे चमचे. वीस ग्रॅम आलं आणि तीस ग्रॅम लसूण पाणी न घालता वाटून घ्या. दीड छोटा चमचा जाडसर कुटलेली मिरी, अर्धा चमचा हळद आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर. माडाच्या सुरेचं गोव्याचं व्हिनेगर मिळालं तर तेच घ्या, नाहीतर लिंबाचा रस चालेल.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जास्त मुरवलं की मसाला आतपर्यंत जातो, असं सगळेच सांगतात. जात नाही. आत सरकतं ते मीठ, तेही सावकाश. आलं-लसूण, मिरी वरच्या थरातच राहतात. म्हणून आधी नुसतं मीठ सगळीकडून चोळा, अर्ध्या तासाने बाकीचा मसाला लावा आणि काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा. ॲल्युमिनियम नको, आंबटाने त्याची चव उतरते. बारा तास तरी हवेत, चोवीस उत्तम. व्हिनेगर वाढवून घाई करू नका. जास्त आंबटाने बाहेरचा थर पांढरट आणि पिठूळ होतो, आतलं मांस तसंच राहतं.

दुसऱ्या दिवशी तुकडा शिजवायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. वरचा मसाला खरवडून बाजूला ठेवा, तो नंतर रश्श्यात जाणार आहे. मांस कागदाने किंवा स्वच्छ फडक्याने अगदी कोरडं टिपा आणि सुतळीने तीन-चार ठिकाणी बांधा, म्हणजे आकार राहतो आणि काप सारखे पडतात. कोरडं करण्याचा कंटाळा करू नका. ओला तुकडा तेलात टाकला की आधी वाफ होते, रंग येतच नाही. शिवाय चिकटलेलं लसूण करपलं की सगळा रस्सा कडू.

दोन मोठे चमचे तेल तापवून तुकडा प्रत्येक बाजूने तीन-चार मिनिटं, गडद तपकिरी होईपर्यंत परता. हलवत बसू नका, सुटला की मगच उलटा. आच कमी करून दालचिनीचे दोन छोटे तुकडे, सहा लवंगा, दहा-बारा मिरे आणि दोन सुक्या मिरच्या टाका, मागोमाग ठेवलेला मसाला. तो मिनिटभर परतून दीड कप गरम पाणी घाला आणि बुडाला लागलेलं सगळं खरवडून घ्या. पाणी तुकड्याच्या पाव उंचीपर्यंत पुरे. झाकण ठेवा.

यापुढे आच अगदी मंद, एखाद-दुसरा बुडबुडा येईल इतकीच. रटरटलं तर धागे आवळतात, रस बाहेर पडतो आणि पाण्यात असूनही मांस कोरडं होतं. दर अर्ध्या तासाने उलटा, लागलं तर गरम पाणी घाला. तासाभराने सुरी टोचली तर तुकडा चिवट लागेल. तिथे घाबरून गॅस बंद करणाऱ्यांचंच आसाद फसतं. चिवट धागे विरघळायला अजून वेळ हवा असतो. एकूण पावणेदोन ते दोन तास. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ८५ अंश सेल्सियस. नसेल तर विणायची सुई सहज आत जायला हवी. गुलाबी पोर्क चालतं, असं हल्ली ऐकू येतं. या पदार्थात तो प्रश्नच नाही, आतपर्यंत पूर्ण शिजलेलंच हवं.

कुकरमध्ये शिट्टीनंतर मंद आचेवर पंचवीस मिनिटांत मऊ होतं, पण मग काप न पडता तुकडे पडतात.

काप गरम असताना करू नका. तुकडा बाहेर काढून निववा, तासभर फ्रिजमध्ये ठेवलात तर आणखी बरं. सुतळी सोडा, धागे कुठल्या दिशेने धावतात ते पाहा आणि धारदार सुरीने त्यांना आडवे, अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप करा. धाग्यांच्या दिशेने कापलंत तर मऊ शिजलेलं मांसही दातात अडकतं.

तोवर रश्श्यावरची चरबी चमच्याने काढून रस्सा निम्मा आटवा. मीठ आता चाखा, आटवण्याआधी घालाल तर खारट होईल. याच चरबीत उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या आणि उभा चिरलेला कांदा परता, काप रश्श्यात पाच मिनिटं गरम करा आणि पावाबरोबर वाढा.

उरलेले काप रश्श्यातच बुडवून फ्रिजमध्ये ठेवले तर तीन दिवस छान राहतात. दुसऱ्या दिवशी रस्सा थिजून थरथरता दिसेल. तो बिघडलेला नसतो. मंद आचेवर पुन्हा पातळ होतो, वरून पाणी घालू नका.